टेकडीवरून सागराकडे

दिल्लीच्या उत्तरेस जी खडकाळ टेकडी आहे, तिच्यावरील रुग्णालयास हिंदूराव हे नाव पडले ते एका मराठा सरदारामुळे. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा वाडा येथे होता. शेजारीच दिल्ली विद्यापीठ आहे. जवळचा समुद्र म्हणावा तर खंबायतचे आखात, आणि तेही ८०० किलोमीटरांहून अधिक दूर! अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याने सागरसंशोधनाचे शिक्षण घ्यावे कसे? संगणकावर संशोधन-मोहिमेची प्रतिकृती रचणे हा त्यावरील एक उपाय होय.

ही प्रतिकृती म्हणजे पडद्यावर हलणारे जहाज नव्हे. मोहिमेतील खरा पेच वेळेचा असतो. जहाज ताशी १० सागरी मैल चालते असे धरले, तर ६० मैलांवरील पुढचे स्थानक गाठावयास ६ तास लागतात. तेथे ४,००० मीटर खोलीपर्यंत उपकरण सोडून वर घ्यावयाचे, तर सेकंदास सुमारे १ मीटर या गतीने आणखी सव्वादोन तास. तीस दिवसांच्या सफरीत अशी किती स्थानके बसतील, हा हिशेब विद्यार्थ्याने आधी करावयाचा; बंदरापासूनचे येणेजाणे आणि वादळी दिवस त्यातूनच वजा करावयाचे. मग तो नकाशावर स्थानके ठरवितो आणि संगणक त्या जागी पूर्वी प्रत्यक्ष घेतलेली मोजमापे त्याच्यापुढे ठेवतो.

या मोजमापांमागे मोठा इतिहास आहे. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे उतरली. भारतीय नौदलाची ‘किस्तना’ही त्यांत होती. त्याच मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे. आता ‘आर्गो’ नावाची स्वयंचलित उपकरणेही साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत पाण्याचे तापमान व क्षारता मोजतात आणि ती माहिती उपग्रहामार्फत पाठवितात.

समजा, विद्यार्थ्याने अरबी समुद्राच्या मध्यभागी उपकरण ‘सोडले’. खोलीबरोबर तापमान उतरत जाईल हे त्याला अपेक्षितच असते. परंतु सुमारे १५० मीटरांच्या खाली प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो आणि १,००० मीटरांच्या आसपास पुन्हा वाढू लागतो, हे पाहून तो थबकतो. वरून कुजत पडणारे सेंद्रिय द्रव्य प्राणवायू खाऊन टाकते, आणि त्या थरात ताजे पाणी फार मंद गतीने पोहोचते. पाठ्यपुस्तकातील एका वाक्याने जे साधत नाही, ते स्वतः निवडलेल्या स्थानकावरील या आलेखाने साधते.

धोका मात्र येथेच आहे. जर्मन शास्त्रज्ञ राइनर श्लिट्झर यांच्या ‘ओशन डेटा व्ह्यू’ या कार्यक्रमात मोजमापांची जागा टिंबांनी दाखविता येते, आणि मधल्या जागा गणिताने भरून सलग रंगचित्रही काढता येते. रंगचित्र मोहक असते. टिंबे पुसली की सारा समुद्र मोजून झाला आहे असा भास होतो. म्हणून शिक्षकाने टिंबे पुसू देऊ नयेत, आणि जेथे मोजमाप नाही तेथे रिकामा आलेखच पुढे यावा.

जुलै महिन्यासाठी आखलेली मोहीम या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळलेला असतो. साहजिकच जहाजांची टिंबे विरळ होतात. विद्यार्थ्याने हौसेने आखलेली सरळ रेषा मध्येच तुटते, आणि त्याला कागद पुढे ओढून स्थानके पुन्हा मांडावी लागतात.