पोलादपूर ते महाबळेश्वर: नकाशावर २० किमी, टेम्पोत सव्वा तास

या वेळच्या व्हिडिओत डिलिव्हरीचा दर कसा ठरवायचा ते बघितलं. त्यातलं एक उदाहरण मी घाईत उरकलं, ते इथे नीट सांगतो.

पोलादपूरच्या एक ताई घरून उकडीचे मोदक करून देतात. महाबळेश्वरच्या एका हॉटेलची २०० मोदकांची ऑर्डर आली. २५ रुपये नग, म्हणजे ५,००० रुपये. नारळ, गूळ, पिठी, गॅस, मदतनीस बाईंची मजुरी जाता १,५०० सुटणार होते. मुलाने मोबाइलवर अंतर काढलं, एका वेबसाइटने २० किमी दाखवलं. टेम्पो किलोमीटरला २० रुपये. जाऊन-येऊन ४० किमी, ८०० रुपये. उरले ७००. ताईंनी पोचवण्यासकट दर सांगून टाकला.

वेबसाइट खोटं बोलत नव्हती बरं का! ती हवाई अंतर सांगत होती. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि त्यांच्यामधली सरळ रेघ मोजायची. विमानाला हे ठीक आहे. श्रीनगर ते लेह असं मोजलं तर साधारण २५० किमी भरतं. वेळ काढताना ताशी ८०० किमी वेग धरतात, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात. म्हणजे तासाभराच्या आत लेह. रस्त्याने मात्र ४०० किमीच्या वर, मध्ये झोजीला खिंड, आणि बरेच जण कारगिलला मुक्काम करतात.

आपल्याकडे झोजीला नाही, पण आंबेनळी घाट आहे. पोलादपूर पायथ्याशी, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. तेवढं चढायला रस्ता वळणं घेत घेत जवळजवळ ४० किमीचा होतो. ताईंचं भाडं झालं १,६०० रुपये, म्हणजे शंभर रुपये खिशातून गेले. शिवाय अर्ध्या तासात पोचतील म्हणून डब्यात घट्ट भरलेले मोदक सव्वा तास घाटात हलले. वरचे बरे होते, खालच्या थरातले चिकटले.

किलोमीटर बरोबर काढले तरी वेळेचं गणित वेगळंच असतं. कशेडीचंच बघा. जुन्या घाटाला पाऊण तास धरायचो, आता बोगद्यातून दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. महाडहून पुणं सरळ रेघेत ६५-७० किमी, पण वरंध घाटाने सव्वाशेच्या घरात, आणि पावसाळ्यात तो घाट बंद असला तर ताम्हिणीने जा. आंबेनळीत दरड आली तर महाबळेश्वरला वळसा शंभर किलोमीटरच्या पुढे. २०२१च्या जुलैत हे सगळ्यांनी भोगलंय.

ताईंनी आता टेम्पोवाल्यालाच विचारून दोन दर लिहून ठेवलेत, एक उन्हाळ्या-हिवाळ्याचा, एक पावसाळ्याचा. हॉटेलवाल्याला भाडं वेगळं सांगतात. पुढच्या ऑर्डरला त्याने थोडी घासाघीस केली, मग म्हणाला, "पाठवा, पण थर एकच लावा."