खिशातील खेळणे

जपानमधील क्योतो ह्या जुन्या राजधानीच्या शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या कारागिराने पत्त्यांचा एक लहानसा कारखाना काढला. हे पत्ते आपल्या परिचयाचे बदाम-इस्पिकाचे नव्हेत. वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा झाडे वा फुले, आणि प्रत्येकाची चार पाने, असा ४८ पानांचा तो जोड असे. त्यास ‘हानाफुदा’, म्हणजे फुलांचे पत्ते, असे म्हणत. पुढे विजेवर चालणाऱ्या खेळांमुळे जगभर गाजलेली निन्टेंडो कंपनी ती हीच.

ह्या कंपनीत १९६५ साली गुन्पेइ योकोइ नावाचा एक तरुण नोकरीस लागला. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी त्याने नुकतीच घेतली होती. परंतु कारखान्यात त्याच्या वाट्यास आलेले काम मात्र अगदी साधे होते. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांवर देखरेख करावयाची आणि एखादे अडल्यास ते दुरुस्त करावयाचे, एवढेच ते काम. उरलेल्या वेळात योकोइ स्वतःच्या करमणुकीसाठी काही ना काही बनवीत बसत. एकदा त्यांनी आडव्यातिडव्या पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींस जोडून एक लांबणारा हात तयार केला. मुठी मिटल्या की तो हात झरकन पुढे जाई आणि दूरची वस्तू पकडी. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची ह्यांच्या दृष्टीस तो पडला. कामाच्या वेळी खेळत बसल्याबद्दल आता कानउघाडणी होणार, अशा समजुतीने योकोइ त्यांच्यासमोर उभे राहिले. पण यामाउचींनी त्यांना ह्याच वस्तूचे बाजारात विकण्याजोगे खेळणे बनविण्यास सांगितले! १९६६ साली आलेल्या त्या खेळण्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले, आणि यंत्रे दुरुस्त करणारे योकोइ खेळणी निर्माण करणारे योकोइ झाले.

लांबणाऱ्या त्या हातात नवे असे काहीच नव्हते. तशा जोडपट्ट्या सुतार-लोहारांना पूर्वीपासून ठाऊक होत्या. सर्वांना ठाऊक असलेली वस्तू कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या ठिकाणी नेऊन बसवावयाची, ही योकोइंची रीत पहिल्या खेळण्यातच दिसून आली. आणि ती त्यांनी जन्मभर सोडली नाही.

१९७० नंतरच्या दशकात जपानमधील कंपन्यांत खिशात मावणारे कॅल्क्युलेटर बनविण्याची मोठी चुरस लागली होती. त्या चुरशीत त्यांच्या किमती भराभर उतरल्या आणि त्यांतील द्रवस्फटिकांचे पडदे, म्हणजेच एल.सी.डी., फार स्वस्त झाले. असे सांगतात, की शिन्कान्सेन ह्या वेगवान आगगाडीने प्रवास करीत असता योकोइंना एक कंटाळलेला गृहस्थ कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत बसलेला दिसला. मोठ्या माणसालाही चारचौघांत संकोच न वाटता खेळता येईल असे चिमुकले यंत्र का असू नये, हा विचार तेथे त्यांच्या मनात आला. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे खेळणे जन्मास आले. त्यात एक खेळ असे आणि खेळ बंद असता ते घड्याळाचे काम करी.

ह्या खेळण्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर आठचा आकडा सात लहान रेघांनी बनलेला असतो. त्यांतील हव्या त्या रेघांना विजेचा सूक्ष्म प्रवाह दिला की तेवढ्याच काळ्या होतात आणि एक, चार, नऊ असे आकडे उमटतात. योकोइंच्या पहिल्या खेळात रेघांच्या जागी चेंडू झेलणारा एक माणूस होता. चेंडू ज्या ज्या ठिकाणी असू शकेल त्या प्रत्येक ठिकाणी त्याची आकृती पडद्यात आधीच कोरून ठेवलेली असे. त्या आकृत्या एकामागून एक काळ्या होत गेल्या की चेंडू हवेतून चालल्याचा भास होई. वस्तुतः तेथे काहीही हलत नसे. असे खेळणे उजेडात जरा तिरपे धरून पाहिल्यास चेंडूच्या सगळ्या जागा अंधूकपणे एकाच वेळी दिसतात, आणि जादूगाराची पिशवी आतून पाहावयास मिळाल्याचा आनंद होतो.

अशा खेळण्यांचे अनेक प्रकार पुढे निघाले. त्यांतील १९८२ सालच्या एका खेळात नायकाला चारही दिशांनी चालविणे आवश्यक होते. दुकानांतील मोठ्या खेळयंत्रांना त्यासाठी उभा दांडा असे. परंतु खिशातील वस्तूला दांडा बसविला तर तो कापडात अडकावयाचा किंवा मोडावयाचा. योकोइंनी अधिक चिन्हाच्या आकाराचे एकच सपाट बटण बसविले. अंगठा त्याच्या ज्या टोकावर टेकेल त्या दिशेस नायक जाई, आणि पडद्यावरची नजर काढून बटण शोधावे लागत नसे. खेळांच्या हातयंत्रांवर आजही दिसणारे ते चिन्ह तेव्हापासूनचे आहे.

आपल्या ह्या रीतीस योकोइंनी एक नावही दिले होते. त्यातील ‘कारेता’ हा जपानी शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. झाड वाळले, कोमेजले, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु एखाद्या कलावंताची कला पिकून परिपक्व झाली, असे सांगावयाचे असतानाही तोच शब्द योजतात. मराठीत त्यास ‘मुरलेले’ हा शब्द जवळचा वाटतो. नवे तंत्र ताज्या कैरीसारखे असते. मुरलेल्या तंत्राचे गुणदोष सर्वांना ठाऊक झालेले असतात, त्याचे सुटे भाग स्वस्तात मिळतात आणि ते सहसा दगा देत नाही. अशा मुरलेल्या तंत्राचा आडवळणाने विचार करून त्याला नव्या कामास लावावे, असे योकोइंचे म्हणणे होते.

ह्या विचाराची खरी कसोटी १९८९ साली लागली. त्या वर्षी २१ एप्रिल रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ हे हातयंत्र १२,५०० येन किमतीस विक्रीस आले. ह्या यंत्राचे श्रेय एकट्या योकोइंना देणे न्यायाचे होणार नाही. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा ह्यांनी आग्रह धरला नसता तर ते कदाचित गेम अँड वॉचचेच थोरले भावंड ठरले असते. खेळ बदलता येतील, बरीच वर्षे नवे खेळ निघत राहतील, असे भक्कम यंत्र करावयाचे ही ओकादांची भूमिका होती. प्रत्येक खेळ स्वतंत्र डबीत भरलेला असे. इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात. आपल्याकडील मुलांनी मात्र अशा डब्यांस सरसकट ‘कॅसेट’ हेच नाव दिले.

गेम बॉयची सामग्री त्या काळीही बेताचीच होती. आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके असलेला पडदा, त्यावर फिकट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत अवघ्या चार छटा, आणि काम करण्यासाठी ८ किलोबाइट स्मृती. तीत प्रस्तुत पाठाचा मजकूरदेखील मावणार नाही. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. अंधारात तो दिसत नसे, आणि चित्रे वेगाने सरकू लागली की त्यांच्यामागे धुरकट शेपूट उमटे. प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रे त्याच सुमारास रंगीत पडदे घेऊन आली. अटारी कंपनीचे ‘लिंक्स’ १९८९ साली, तर सेगा कंपनीचे ‘गेम गिअर’ १९९० साली निघाले. शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता गेम बॉय अगदी गरीब दिसे.

परंतु त्या रंगांची किंमत सेलांनी मोजावी लागत होती. रंगीत पडदा उजळण्यासाठी त्यामागे एक चिमुकली ट्यूबलाइट सतत जळत ठेवावी लागे. गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉयला चार पुरत आणि ते दहा तासांहून अधिक टिकत. अमेरिकेत गेम बॉयची किंमत सुमारे ९० डॉलर होती, लिंक्सची सुमारे १८०. शिवाय यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. सेल मात्र पुन्हा पुन्हा. मुलांना खाऊसाठी मिळालेल्या पैशांचा हिशेब योकोइंना प्रतिस्पर्ध्यांपेक्षा अधिक चांगला समजला होता असे दिसते.

त्यातच ह्या यंत्रास एक अनुरूप खेळ लाभला. मॉस्को येथे विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सेइ पाजित्नोव्ह ह्यांनी १९८४ साली ‘टेट्रिस’ हा खेळ रचला होता. चार चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात. ते फिरवून, नीट बसवून ओळी पूर्ण करावयाच्या. त्यांच्या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नसल्यामुळे पहिले चौकोन कंसांच्या खुणा जोडून दाखविले होते. अशा खेळाला रंगांची गरज ती कसली! १९८९ साली हेन्क रॉजर्स ह्यांनी मॉस्कोस जाऊन हातयंत्रांवरील हक्क मिळविले, आणि अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिसची कॅसेट देण्यात येऊ लागली. हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्याने पाजित्नोव्ह ह्यांना मात्र १९९६ सालापर्यंत त्या खपाचा मोबदला मिळाला नाही. १९९३ साली अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह ह्या रशियन अंतराळवीराने आपला गेम बॉय व टेट्रिस अंतराळातही नेले होते. ज्या घरांत गेम बॉय कधी पोहोचला नाही, तेथेही हा खेळ गेला. महाराष्ट्रातील जत्रांतून व बाजारांतून ‘ब्रिक गेम’ नावाने विकली जाणारी स्वस्त यंत्रे टेट्रिसचीच नक्कल होती. त्यांवर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ वेगवेगळ्या वेगांनी मोजून ती संख्या भरलेली असे.

गेम बॉय आणि त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे खपली. १९९६ साली, म्हणजे ते म्हातारे झाल्यावर, सातोशी ताजिरी ह्यांच्या ‘पोकेमॉन’ने त्यास दुसरे तारुण्य दिले. लहानपणी किडे पकडून गोळा करणाऱ्या ताजिरींना दोन यंत्रे जोडणारी तार पाहून तिच्यातून किडे इकडून तिकडे चालले आहेत अशी कल्पना सुचली होती.

योकोइंना मात्र हे यश कंपनीत राहून फार काळ पाहता आले नाही. १९९५ साली त्यांचे ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र आले. त्यात डोळे लावून पाहिले असता लाल-काळी चित्रे खोल, घन भासत. ते ना खिशात मावे, ना चारचौघांत मिळून पाहता येई. खेळणाऱ्याची मान आणि डोळे दुखून येत. वर्षभराच्या आतच त्याची विक्री थांबवावी लागली. योकोइंनी १९९६ साली, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, निन्टेंडो सोडली आणि स्वतःची लहानशी संस्था काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे ५६ वर्षांचे होते. त्यांच्या संस्थेच्या साहाय्याने घडलेले ‘वंडरस्वान’ हे हातयंत्र बांदाइ कंपनीने १९९९ साली विक्रीस आणले. त्याला एकच पेन्सिल सेल लागे. त्यासोबत निघालेल्या एका कोड्याच्या खेळाला ‘गुन्पेइ’ हे नाव देण्यात आले.

गेम बॉयचे उत्पादन थांबून आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तथापि ही यंत्रे अडगळीतून बाहेर निघत आहेत. त्यांतील बिघाड बहुधा साधे असतात. पडद्यावर उभ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर पडद्याच्या पट्टीचा डाग सैल झालेला असतो. त्यावरून तापलेली कावी हलकेच फिरविली की रेघा परत येतात. गेम गिअरचे दुखणे त्यामानाने अवघड आहे. त्यातील कंडेन्सर पाझरतात आणि ते सगळेच बदलावे लागतात.

जुने खेळ खेळण्यासाठी नवी यंत्रेही निघाली आहेत. निन्टेंडोने २०२० साली गेम अँड वॉच नव्या रूपात काढले. २०२१ साली आलेल्या ‘अ‍ॅनालॉग पॉकेट’ ह्या यंत्रात गेम बॉयच्या मूळ कॅसेटी चालतात. त्यातील चीपच्या आतील जोडण्या बदलता येतात. त्या गेम बॉयच्या चीपप्रमाणे जुळविल्या की ती हुबेहूब तिच्यासारखी वागू लागते. त्याच्या पडद्यावर आडवे १६०० व उभे १४४० ठिपके आहेत. जुन्या पडद्याच्या नेमके दहापट. म्हणजे मूळचा एक ठिपका येथे शंभर ठिपक्यांचा चौकोन होऊन दिसतो.

कॅसेटींचा प्रश्न मात्र निराळा आहे. पोकेमॉनसारख्या लांबलचक खेळात खेळणारा कोठवर आला ह्याची नोंद कॅसेटमधील एका चीपवर राहते. ती चीप विजेवाचून काहीच ध्यानात ठेवीत नाही. म्हणून तिच्याशेजारी मनगटी घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल डागलेला असतो. यंत्र बंद असतानाही तो वर्षानुवर्षे तिला जागे ठेवतो, आणि एक दिवस संपतो. कोणा मुलाने १९९६ साली नाव देऊन जपलेले प्राणी त्या दिवशी नाहीसे होतात. सेल संपण्यापूर्वी बदलावयाचा, तर जुना काढताक्षणीच नोंद पुसली जाण्याचे भय असते. म्हणून जाणते दुरुस्तीकार प्रथम ती नोंद संगणकावर उतरवून घेतात, मग कॅसेट उघडून नवा सेल डागतात, आणि नंतर ती नोंद जशीच्या तशी पुन्हा चीपमध्ये भरून ठेवतात.