चावी फिरते, पण गाडी सुरू होत नाही : दोष नेमका ओळखावा कसा?

नवी दिल्ली : ऐन निघण्याच्या वेळी मोटार सुरू झाली नाही, की बहुतेक मालक पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहतात आणि नंतर गॅरेजला दूरध्वनी करतात. यातील पहिली कृती बहुधा नुकसान वाढविणारी असते, तर दुसरी अनेकदा टाळता येण्याजोगी. चावी फिरविल्यावर किंवा बटण दाबल्यावर नेमका कोणता आवाज येतो, एवढे लक्षपूर्वक ऐकले तरी निम्मे निदान जागेवरच होते.

इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. कोणीतरी बाहेरून त्याला पहिले काही फेरे द्यावे लागतात. पूर्वी हे काम लोखंडी हँडल मारून होत असे आणि ते उलटे फिरल्याने मनगटे मोडत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हे श्रम संपले. मात्र तेव्हापासून गाडीचे सुरू होणे बॅटरीच्या प्रकृतीवर अवलंबून राहिले. हेडलाइटच्या एका साध्या बल्बला सुमारे पाच अँपिअर वीज लागते. स्टार्टरला मात्र लहान पेट्रोल गाडीतही शंभर ते दोनशे अँपिअर लागतात, डिझेल इंजिनाला त्याहून अधिक. ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा समज म्हणूनच फसवा आहे. दिवे पेटवण्यापुरता जीव असलेली बॅटरी इंजिन फिरवू शकेलच असे नाही.

चावी फिरवताच ‘टक-टक-टक’ असा जलद आवाज आला, किंवा इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेरा घेऊन थांबले, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर घ्यावा. एकच जोरदार ‘ठक्’ असा आवाज होऊन पुढे शांतता पसरली आणि दिवे मात्र प्रखर राहिले, तर दोष स्टार्टरमध्ये किंवा त्याच्या सोलेनॉइडमध्ये असण्याची शक्यता अधिक. आवाजच नसेल, तर हेडलाइट लावून चावी फिरवून पाहावी. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी सैल आहे. दिवे जसेच्या तसे राहिले तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचतच नाही, असे समजावे. अशा वेळी रिले आणि फ्यूज तपासण्याआधी एक साधी गोष्ट पाहावी. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये आहे ना, ब्रेक पुरेसा दाबला आहे ना, आणि अनेक नव्या मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ लागतच नाही. पायाखालची चटई पुढे सरकून क्लच अडल्यानेही गाडी ‘बिघडते’.

बॅटरीच्या बाबतीत निष्कर्ष काढण्याआधी बोनेट उघडून टर्मिनल पाहणे आवश्यक आहे. त्यांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली असेल किंवा हाताने हलवल्यावर ते फिरत असतील, तर नवी बॅटरी घेण्याचे कारण नाही. आधी ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवावे, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ते घासावे, कोरडे करून घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. जोडताना क्रम उलटा. ऋण टर्मिनल शेवटी. दहा मिनिटांच्या या कामाऐवजी स्टार्टर बदलून घेतल्याची उदाहरणे गॅरेजांत कमी नाहीत.

शंकेचे निरसन करण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास उभी असताना पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे तीनचतुर्थांश भार, आणि आकडा १२ च्या आसपास आला तर ती जवळपास उतरलेली समजावी. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या बरेच खाली कोसळले, तर बॅटरी थकली आहे. इंजिन सुरू असताना मात्र मीटरने साधारण १३.८ ते १४.४ दाखवावे, तसे होत नसेल तर दोष बॅटरीचा नसून तिला भारित करणाऱ्या अल्टरनेटरचा, ज्याला आपल्याकडे अजूनही डायनॅमो म्हणतात, त्याचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे. अशा गाडीला नवी बॅटरी बसवली तरी थोड्याच दिवसांत तीच तक्रार उद्भवते.

भारतीय हवामानात बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकते. ती उष्णतेने झिजते आणि थंडीत उघडी पडते. नागपूरच्या मे महिन्यात तिची जी हानी झालेली असते, ती डिसेंबरच्या पहाटे लक्षात येते. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणारी गाडी बॅटरी पुन्हा भरून काढू शकत नाही. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीची अवस्था त्याहून वाईट. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर गृहसंकुलांच्या आवारांत असंख्य गाड्या मुक्या होऊन बसल्या होत्या. नंतर बसवलेली ध्वनियंत्रणा वा डॅशकॅम चुकीच्या जोडणीमुळे रात्रभर वीज पीत राहतो, हेही एक नेहमीचे कारण आहे.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देताना क्रम चुकवू नये. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. हा शेवटचा नियम अनेकांना अनावश्यक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. धन-ऋणाची अदलाबदल झाली तर इंजिनाचा संगणक जळू शकतो. ही दुरुस्ती बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते.

धक्का मारून गाडी सुरू करण्याचा उपाय केवळ मॅन्युअल गिअरच्या गाडीला लागू आहे. इग्निशन चालू ठेवून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून धरावा आणि गाडीने वेग घेताच तो सोडावा. इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग जड होतात, त्यामुळे उतारावर किंवा रहदारीत हा प्रयोग करू नये. ऑटोमॅटिक गाडी कितीही ढकलली तरी सुरू होणार नाही.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही, अशी अवस्था असेल तर बॅटरीचा विषय संपला. आता प्रश्न इंधनाचा, ठिणगीचा किंवा चावीचा. सलग दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट थांबावे, अन्यथा बरी असलेली बॅटरीही उतरते व स्टार्टर तापतो. प्रथम इंधनाचा काटा पाहावा. सीएनजी गाड्यांच्या बाबतीत ही सूचना विनोदी नाही. यांतील अनेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन नंतर गॅसवर जातात. टाकीत पेट्रोल नावालाच उरले असेल किंवा महिनोन्‌महिने तेच पडून असेल, तर सिलिंडर भरलेला असूनही गाडी सुरू होत नाही.

पेट्रोल गाडीत इग्निशन चालू करताच मागच्या आसनाखालून दोन-एक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो इंधनपंप होय. ती नसेल तर पंपाचा फ्यूज वा रिले पाहावा. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहावी. बटणाच्या गाडीत बहुधा चावीतील छोटी बॅटरी संपलेली असते. अनेक गाड्यांत तीच चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरली की काम होते. इंजिन थंड असताना गाडी केवळ फाटकातून आत घेऊन लगेच बंद केली असेल, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल अधिक झालेले असू शकते. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास इंधन थांबते व जादा पेट्रोल निघून जाते. मात्र इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर फिरत आहे असे जाणवले तर तत्काळ थांबावे. टायमिंग बेल्ट तुटल्याचे ते लक्षण असू शकते.

डिझेल गाड्यांच्या अडचणी निराळ्या. टाकी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते आणि डिझेल भरूनही, हातपंपाने हवा काढल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर अनेक डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करणारे युरियाचे द्रावण वापरले जाते. ते पूर्ण संपले तर इंजिन पुन्हा सुरू होऊ नये, अशी व्यवस्था या गाड्यांतच असते. हा बिघाड नसून नियमपालन आहे. इशारे आधीच मिळालेले असतात. लडाखसारख्या प्रदेशात तर डिझेलच मेणासारखे गोठते. त्यावर उपाय म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले.

या सर्वांहून महागात पडणारी चूक पावसाळ्यात घडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर ‘सुरू होते का पाहू’ म्हणून सेल्फ मारणे, हाच खरा घात. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर दट्ट्या ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट असते, मात्र पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेली हानी ‘परिणामी नुकसान’ ठरवून विमा कंपन्या दावा नाकारतात. इंजिन संरक्षणाची स्वतंत्र पुरवणी घेतलेली असेल तरच त्या खर्चाचा काही भार हलका होतो, तोही तिच्या अटींच्या अधीन राहून. बुडालेल्या गाडीची चावी फिरवूच नये, ती उचलूनच न्यावी. पाणी वाढत असताना गाडी बंद पडली तर ती सुरू करण्याच्या खटपटीत न राहता तत्काळ बाहेर पडावे. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपे पाण्यात कधी निकामी होतील, याचा भरवसा नसतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनाही हा प्रश्न चुकलेला नाही. मोठी बॅटरी भरलेली असली, तरी बहुतेक अशा गाड्यांत संगणक व स्विच चालविणारी निराळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की गाडी जागची हलत नाही.

महामार्गावर गाडी बंद पडून पुन्हा सुरू झाली नाही, तर बोनेट उघडण्याआधी हॅझार्ड दिवे लावावेत, परावर्तक त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवावा आणि प्रवाशांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. आपण कोणत्या किलोमीटर दगडाजवळ आहोत, कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर आहोत आणि चावी फिरवल्यावर कोणता आवाज येतो, एवढे सांगितले तर येणारा मेकॅनिक योग्य साहित्य घेऊन येतो.