बसलेल्या देहाची प्रतिकृती

किरणोपचारात रुग्ण आडवा झोपतो आणि यंत्र त्याच्याभोवती फिरते. प्रोटॉन किंवा कार्बन आयन यांचे झोत वळवण्यासाठी मात्र जड विद्युतचुंबक लागतात आणि ते पेलून फिरणारा सांगाडा, म्हणजे गँट्री, अवाढव्य होतो. जर्मनीतील हायडेलबर्गच्या केंद्रातील अशा गँट्रीचे वजन सुमारे ६७० टन आहे. झोत स्थिर ठेवून रुग्णालाच खुर्चीत बसवून सावकाश फिरवले, तर एवढ्या यंत्रणेची गरज उरत नाही, आणि प्रोटॉन उपचार आज जिथे परवडत नाहीत तिथेही पोहोचण्याची शक्यता निर्माण होते.

अडचण शरीराची आहे. माणूस उठून बसला की श्वासपटल खाली सरकते, फुप्फुसांचे आकारमान वाढते आणि पोटातील अवयव गुरुत्वाकर्षणाने जागा बदलतात. प्रोटॉन आपली बहुतांश ऊर्जा प्रवासाच्या शेवटी टाकतो आणि तो शेवट कुठे येईल हे वाटेतील ऊतींवर ठरते; म्हणून काही मिलिमीटरांची चूकही अर्बुदाला वगळून निरोगी अवयवावर मारा करू शकते.

अशा चुका रुग्णावर उपचार करण्यापूर्वीच पकडण्यासाठी फँटम, म्हणजे किरणांना मानवी ऊतींसारखाच प्रतिसाद देणारी प्रतिकृती, वापरतात. प्रचलित मानवाकार फँटम बहुधा ताठ असतात आणि त्यांना उभे केले तरी आतले अवयव हलत नाहीत. बसलेल्या देहासाठी नवे फँटम घडवणे हा त्यामुळे पीएच.डी.च्या संशोधनाला साजेसा, आणि बाहेरून दिसतो त्याहून कितीतरी अवघड, विषय आहे. सिलिकोन किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे जेल ऊतींसारखे लवचीक करता येते, त्रिमितीय मुद्रणाने पोकळ्या ठेवून फुप्फुसाची विरळ घनताही साधता येते. पण सीटी स्कॅनवर हुबेहूब ऊतीसारखा दिसणारा पदार्थ प्रोटॉनला तेवढाच अडवेल, याची खात्री नसते, आणि पाण्याचा अंश असलेले जेल कालांतराने सुकून आक्रसते. लवचीकता, घनता आणि टिकाऊपणा यांपैकी एक साधताना दुसरे हातचे जाते. इथे संशोधकाच्या चिकाटीचा खरा कस लागतो.

तयार फँटमला खुर्चीत बसवून, त्याच स्थितीत सीटी स्कॅन काढून, उपचाराचा आराखडा आखून झोत सोडतात, आणि आत ठेवलेल्या फिल्म व आयनीकरण कक्षांनी मोजलेली मात्रा संगणकाच्या हिशेबाशी ताडून पाहतात. फँटम खुर्चीतून काढून पुन्हा बसवले, तर त्याचे अवयव पूर्वीच्याच जागी येतात का, हेही त्याच वेळी तपासावे लागते, कारण ते येत नसतील तर दोन मोजमापांची तुलनाच करता येत नाही.