क्षयाचे जंतू आणि देशाचा उंबरठा



क्षयाच्या जंतूला पारपत्र लागत नाही. तो ज्याच्या छातीत बसून प्रवास करतो त्या माणसाला मात्र लागते. म्हणून परक्याला दाराशीच तपासावे, असे कोणत्याही देशाला वाटणे स्वाभाविक आहे. पण दार म्हणजे नेमके कोठे?

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. पूर्वी हीथ्रो व गॅटविक विमानतळांवर उतारूंच्या छातीची क्ष-किरण तपासणी होई. २०१२ मध्ये ही पद्धत सोडून, तपासणी प्रवाशाच्या मायदेशीच करण्याचे धोरण ठरले. भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळ तेथे राहावयास जाणाऱ्यास व्हिसासाठी मान्यताप्राप्त दवाखान्याचा दाखला जोडावा लागतो. छातीचे चित्र संशयास्पद दिसले, तर थुंकीची परीक्षा होते. शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक आहेच.

परंतु हा दाखला आजच्या रोगाविषयी बोलतो, उद्याच्या नव्हे. जंतू शरीरात निद्रिस्त असले, तर छातीचे चित्र बहुधा स्वच्छच येते. अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच पुढे केव्हातरी रोग जडतो, आणि तोवर त्यांच्यापासून कोणास बाधा होत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये २०१५ पासून, क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशांतून नुकत्याच आलेल्या तरुणांची रक्तपरीक्षा करून, निजलेला जंतू जागा होण्यापूर्वीच औषध देण्याची योजना सुरू झाली.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तेथे क्षयाचे निदान व उपचार परदेशी माणसासही विनामूल्य आहेत. हे केवळ औदार्य नव्हे, शहाणपण आहे. खोकला उघड केला की हकालपट्टी होईल, अशी भीती वाटली तर माणूस खोकला लपवील. आणि लपलेला रोगीच रोग पसरवितो. उलट, योग्य औषध सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या प्रयोगात तर असे दिसले, की घरी राहून औषध घेणारे आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना अधिक धोका पोहोचत नाही.

आपल्या शहरातही बांधकामावर, कारखान्यांत परगावचे लोक येतात. त्यांच्याकडे दाखला मागणारा उंबरठा नाही, आणि नसावाही. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, आणि गाव बदलले तरी ते सोडू नका, एवढे त्यांना शेजारधर्माने सांगणे आपल्या हाती आहे. संशयाने रोग दडतो; विश्वासाने तो उजेडात येतो.