टूलबारची गर्दी, संगणकाची दमछाक

जालना, प्रतिनिधी : खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आली, की जिल्ह्यातील सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. भोकरदन असो, अंबड असो वा मंठा, दृश्य सारखेच. केंद्रचालक माउसची कळ दाबतो, पडद्यावरचे वर्तुळ फिरत राहते आणि थोड्या वेळाने ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे उत्तर मिळते. बहुतेक वेळा ते खरेही असते. अखेरच्या दिवसांत शासकीय संकेतस्थळांवर ताण येतोच. परंतु दोष प्रत्येक वेळी दूरच्या सर्व्हरचा नसतो. कधी कधी तो समोरच्या टेबलावरील संगणकातच दडलेला असतो. मोंढ्यातील आडत दुकान, औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे कार्यालय किंवा घरचा दिवाणखाना येथेही हाच अनुभव येतो. ब्राऊझरमध्ये नकळत जमा झालेली जोडसाधने हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

ही कथा जुनी आहे. राज्यात २००१ मध्ये ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम सुरू झाला आणि मराठवाड्यातील हजारो तरुणांनी प्रथमच संगणकास हात लावला. त्याच वर्षी ‘विंडोज एक्सपी’सोबत ‘इंटरनेट एक्सप्लोरर ६’ आले. गुगलने आपला टूलबार २००० च्या डिसेंबरमध्येच आणला होता. याहू, एमएसएन यांचेही आले. शोध घेण्यासाठी एक पट्टी, ई-मेलसाठी दुसरी आणि एखादे फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून घेताना न विचारता आलेली तिसरी! पानाचा मजकूर वाचण्यास अर्धाच पडदा उरला आहे, असे संगणक सायबर कॅफेत सर्रास दिसत.

टूलबार हे केवळ पडद्यावरचे चित्र नव्हते. एक्सप्लोररची खिडकी उघडताच प्रत्येक टूलबारचा कार्यक्रम तिच्यासोबत स्मृतीत दाखल होई. त्या काळी २५६ एमबी स्मृती म्हणजे चैन होती. अशा यंत्रावर चार टूलबार चढले, की संगणक स्मृतीऐवजी हार्डडिस्कचा आधार घेऊ लागे, आणि हार्डडिस्कचा वेग स्मृतीच्या तुलनेत फारच कमी. त्यातच प्रत्येक टूलबार नवी आवृत्ती आली का, याची चौकशी परस्पर करीत असे. डायल-अपच्या बारीक वाहिनीवर तो भारही जाणवे. मायक्रोसॉफ्टने २०११ मधील एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीत कोणते जोडसाधन किती वेळ खाते, हे वापरकर्त्यास दाखविण्याची सोय केली, यावरून तक्रार किती व्यापक होती हे ध्यानात यावे.

पॉप-अपचा उगम रंजक आहे. नव्वदच्या दशकात ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली. जाहिरात व मजकूर यांचा संबंध लागू नये, म्हणून तेथील एथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडण्याची आज्ञावली लिहिली. पुढे या खिडक्यांनी जगाला इतके छळले, की २०१४ मध्ये त्यांनी एका लेखात जाहीर माफी मागितली. तोवर प्रतिबंधक साधनांचा बाजार बहरून गेला होता. गुगलच्या टूलबारमध्ये २००३ साली पॉप-अप रोखण्याची सोय आली. २००४ च्या ऑगस्टमध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ती थेट एक्सप्लोररमध्येच दिली आणि नोव्हेंबरमध्ये अवतरलेल्या फायरफॉक्समध्ये ती उपजतच होती.

दोन पहारेकरी, एकच दार

येथे अनेकांची गफलत होते. एक प्रतिबंधक चांगला, तर दोन अधिक चांगले, असा समज आहे. प्रत्यक्षात दोघेही एकाच आज्ञेवर पाळत ठेवतात. नवी खिडकी उघडण्याची आज्ञा पानाने दिली, की पहिला ती अडवितो. दुसऱ्यास अडविण्यासारखे काही उरत नाही, पण त्याचा भार मात्र सोसावा लागतो. अडचण उद्भवते ती आपल्याला हवी असलेली खिडकी उघडताना. सातबाऱ्याचा उतारा, शुल्क भरल्याची पावती, बँकेचे पान हे बरेचदा नव्या खिडकीत येते. आपण एका प्रतिबंधकास परवानगी देतो आणि दुसरा ती खिडकी निमूटपणे बंद करतो. पैसे खात्यातून वळते झाले आणि पावती मात्र दिसली नाही, असा प्रसंग ओढवला, की घाबरून दुसऱ्यांदा शुल्क भरणारेही असतात. अशा वेळी आधी खात्याचे विवरण पाहावे, मगच पुन्हा कळ दाबावी.

गुगलचा टूलबार २०२१ च्या अखेरीस बंद झाला आणि इंटरनेट एक्सप्लोररने २०२२ च्या जूनमध्ये निरोप घेतला. पट्ट्या गेल्या, पण त्यांची जागा ‘एक्स्टेन्शन’ने घेतली. कुपन शोधणारे, पीडीएफ बदलणारे, चित्रफिती उतरविणारे असे दहा-बारा विस्तार एका क्रोममध्ये सहज सापडतात. त्यांपैकी अनेक विस्तार ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागतात. केंद्रावरील संगणकात दिवसभर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती भरली जातात. तेथे असा अनोळखी विस्तार असणे ही केवळ वेगाची बाब राहत नाही.

विस्तारांची तपासणी करण्यास तज्ज्ञ लागत नाही. क्रोम किंवा एज उघडे असताना ‘शिफ्ट’ व ‘एस्केप’ या कळा एकत्र दाबल्यास ब्राऊझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणता टॅब आणि कोणता विस्तार किती स्मृती व्यापतो, हे त्यात दिसते. दुसरी सोपी परीक्षा खासगी खिडकीची. क्रोममध्ये ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एन’ दाबून ती उघडते व मुद्दाम मुभा दिलेली नसेल, तर विस्तार तेथे बंद असतात. तेच पान तेथे झरझर उघडले, तर दोष विस्तारांचा समजावा. तेथेही वर्तुळच फिरत राहिले, तर मात्र सर्व्हरला किंवा जोडणीला बोल लावण्यास हरकत नाही. विस्तारांच्या यादीत जाऊन एकेक बंद करीत गेल्यास अपराधी हाती लागतो. बंद केलेला विस्तार स्मृती घेत नाही, त्यामुळे क्वचित लागणारे साधन काढून न टाकता बंद ठेवले तरी चालते. जे कधी घेतल्याचे आठवतच नाही, ते मात्र काढावेच.

ब्राऊझरचा मूळ प्रतिबंधक सुरू असू द्यावा आणि बँक, भूमी अभिलेख अशा नेमक्या संकेतस्थळांना सेटिंगमधून मुभा द्यावी. सरसकट मुभा देऊ नये. जाहिराती रोखणारा स्वतंत्र विस्तार हवा असेल, तर तो एकच असावा. जाहिरातींचा मजकूर उतरवावा लागत नसल्याने असा एक विस्तार बऱ्याचदा पान लवकर उघडण्यास साहाय्यच करतो. दुसऱ्याची भर घातल्यास प्रत्येक विनंतीची दोनदा छाननी होते, एवढेच.

तरीही कोपऱ्यात जाहिराती उगवत राहतात, अशी तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. त्या पॉप-अप नसून ‘नोटिफिकेशन’ असतात. कधी तरी एखाद्या संकेतस्थळाने विचारलेल्या प्रश्नावर आपणच ‘अलाउ’ दाबलेले असते, त्यामुळे पॉप-अप प्रतिबंधक तेथे निरुपयोगी ठरतो. सेटिंगमधील नोटिफिकेशनच्या यादीतून ती परवानगी काढली, की उपद्रव थांबतो. ‘आपल्या संगणकात व्हायरस आढळला, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी आल्यास मात्र त्या क्रमांकाकडे ढुंकूनही पाहू नये. पूर्ण पडदा व्यापून ती हटत नसेल, तर ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ व ‘डिलीट’ दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राऊझरच बंद करावा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी रोखण्याची शक्यता त्यातच असते.