तान्ह्या बाळाला साथीइतकाच उशीरही घातक

कोविडच्या साथीत तान्ह्या बाळांच्या अनेक आईबापांच्या मनात एक समज घट्ट बसला: बाळ आजारी दिसलं तरी दवाखान्यात नेऊ नये, तिथेच विषाणू लागेल. भीती साहजिक होती, हिशेब मात्र चुकला होता. २०२०च्या मार्चमध्ये इटलीतल्या काही रुग्णालयांत मुलांच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्यांची संख्या आधीच्या दोन वर्षांतल्या त्याच काळापेक्षा ७३ ते ८८ टक्क्यांनी घटली. तिथल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'च्या बालआरोग्य नियतकालिकात एका आठवड्यात उशिरा पोहोचलेल्या १२ मुलांची नोंद दिली. त्यातली निम्मी अतिदक्षता विभागात गेली, चार दगावली.

बारा ही संख्या लहान आहे, तिच्यावरून सरसकट टक्केवारी काढू नये. पण उशीर जीव कसा घेतो ते तिच्यातून दिसतं, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत वेळ आणखी कमी असतो. मोठं मूल तापाने फणफणतं, कण्हतं, पाणी मागतं. महिन्याच्या आतलं बाळ जंतुसंसर्गात उलट गार पडू शकतं, मुकाट झोपून राहतं, आणि घरच्यांना वाटतं, आज शहाण्यासारखं निजलंय. म्हणून 'ताप नाही, म्हणजे काळजी नाही' हा समजही तितकाच धोक्याचा. बाळ दूध ओढेनासं झालं, हलवल्याशिवाय हालचाल करेना, झटका आला, अंग गार लागलं किंवा तापलं, तर सकाळ व्हायची वाट पाहायची नसते. श्वास घरीही मोजता येतो. बाळ शांत असताना झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट पाहायची. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, मध्येच क्षणभर थांबतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास पुन्हा मोजूनही मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत जात असेल, तर लगेच रुग्णालय गाठायचं. साथ आहे म्हणून हे निकष सैल होत नाहीत.

बाधित आईपासून बाळ लांब ठेवलं की ते सुरक्षित, हा समज तर कित्येक रुग्णालयांनीही पाळला. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र उलट होता: आईने मास्क लावावा, हात धुवावेत, बाळाला जवळ घ्यावं आणि अंगावर पाजावं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या संघटनेच्याच अंदाजानुसार 'कांगारू माता संगोपन', म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, सर्वत्र मिळालं तर सव्वा लाखाहून अधिक बाळं वाचू शकतात, आणि त्या जवळिकीतून कोविडमुळे होऊ शकणारे मृत्यू दोन हजारांहून कमी. हे गणित अंदाजाचं आहे, हे खरं. पण भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीला प्रत्यक्ष आकडे आहेत: एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

यावर कुणी म्हणेल, वर्षाच्या आतल्या बाळांना मोठ्या मुलांपेक्षा कोविड जास्त जड गेलाच ना? गेला, रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. पण त्यातून निघतं ते हेच की अशा बाळाला लवकर दाखवायला हवं. रुग्णालयात संसर्ग होऊ शकतो हेही खरं, आणि त्यावर उपाय म्हणजे वेगळी रांग, वेगळी खोली, सोबत मास्क लावलेली एकच व्यक्ती. त्यासाठी रुग्णालयांवर दबाव आणणं रास्त आहे; घरी थांबून राहणं नाही.

खर्चाची धास्तीही उशिराचं एक कारण असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावता येतो. गाडी येईपर्यंत बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी धरावं, वरून पांघरूण घ्यावं, ओढत असेल तर पाजावं. मास्क आईला लावावा, बाळाला कधीही नाही: दोन वर्षांखालच्या मुलाचा त्याने श्वास कोंडू शकतो.